साडेचार आणि चार पूर्णांक सात : दोन स्पोर्ट्स कार नीट कशा ताडून पाहाव्यात

आल्पिन ए-११० शून्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग ४.५ सेकंदांत गाठते आणि पोर्शे ७१८ केमन ४.७ सेकंदांत, असं माहितीपत्रकं सांगतात. दोन दशांश सेकंद म्हणजे जेमतेम पापणी लवण्याएवढा वेळ. तेवढ्यावर एक गाडी सरस ठरते आणि चर्चा आटोपते. मी गेली काही वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ वाहन उद्योगात काम करतो. पुण्याहून इथे आलेल्या आमच्या मंडळींत जेवणाच्या सुट्टीत या गप्पा रोज होतात, आणि रोज त्याच दोन दशांशांपाशी अडकतात. म्हणून ही तुलना पहिल्या पायरीपासून कशी करायची ते एकदा मनासारखं लिहून काढतो आहे. उदाहरण शेवटपर्यंत याच जोडीचं घेतो, पण पद्धत कुठल्याही दोन गाड्यांना लागू पडेल.

जोडी जुळणारी हवी

तुलनेचा निम्मा दर्जा जोडी निवडतानाच ठरतो. या दोन गाड्या मला आवडतात, कारण त्या एकच प्रश्न दोन वेगळ्या वाटांनी सोडवतात. दोघींचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे बसवलेलं आहे. ताकद फक्त मागच्या चाकांना जाते, इंजिन चार सिलिंडरचं आणि टर्बोचं (जादा हवा दाबून भरणारं) आहे, आसनं दोनच.

फरक पुढे सुरू होतो. आल्पिन ही फ्रान्समधल्या दिएप गावची. ज्यां रेदेले यांनी १९५५ मध्ये ही कंपनी काढली. जुन्या ए-११० ने १९७३ ची जागतिक रॅली स्पर्धा आल्पिनला जिंकून दिली आणि २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात तेच नाव नव्या गाडीवर परत आलं. तिचं इंजिन १.८ लिटरचं, २५२ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीचं आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं. केमनचं इंजिन २ लिटरचं आहे, ३०० पीएस आणि ३८० न्यूटन-मीटर. नुसतं इंजिन पाहिलं तर केमन १९ टक्क्यांनी बलवान. तरीही शंभर गाठताना ती मागे राहते. हे असं का, हे समजलं की तुलनेचा गाभा हाती आला.

आकडा कुठल्या अटींवरचा आहे?

पहिली पायरी मोजण्याची नाहीच, वाचण्याची आहे. ७१८ केमन या एकाच गाडीचे शून्य ते शंभरचे तीन आकडे आहेत. हाताने गिअर टाकायच्या गाडीला ५.१ सेकंद लागतात. पीडीके नावाचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स असेल तर ४.९, आणि त्यावर स्पोर्ट क्रोनो पॅकेज घेतलं तर ४.७. त्या पॅकेजमध्ये लाँच कंट्रोल येतं, म्हणजे गाडी सुटताना इंजिनचे फेरे आणि क्लच संगणक सांभाळतो. आल्पिनला सात गिअरचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आणि लाँच कंट्रोल मुळातच मिळतं. म्हणून ४.५ च्या शेजारी ४.७ ठेवायचा. कुणी ५.१ ठेवला, तर तो गाड्यांऐवजी गिअरबॉक्सची तुलना करतो आहे.

दुसरी अट देशाची. युरोपात आणि आपल्याकडे शून्य ते शंभर किलोमीटर मोजतात. अमेरिकेत शून्य ते साठ मैल मोजतात, आणि साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. उरलेले साडेतीन किलोमीटर अशा गाड्यांना सुमारे दोन दशांश सेकंद खातात.

अमेरिकेतली आणखी एक प्रथा बऱ्याच जणांना माहीत नसते. तिला रोलआउट म्हणतात. ड्रॅग शर्यतीच्या (उभ्या जागेवरून सरळ पळायच्या) पट्टीवर पुढचं चाक प्रकाशकिरण अडवून उभं असतं आणि चाक त्या किरणातून बाहेर पडल्यावर घड्याळ सुरू होतं. तोवर गाडी साधारण एक फूट पुढे आलेली असते. तिकडच्या बऱ्याच चाचण्यांत हा पहिला फूट धरतच नाहीत. ०.८ जी त्वरणाने (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) सुटणाऱ्या गाडीला तो फूट कापायला ०.२८ सेकंद लागतात आणि त्या क्षणी तिचा वेग जवळजवळ आठ किलोमीटर झालेला असतो. म्हणजे 'शून्य'पासून मोजलेला तो आकडा खरा आठपासून सुरू होतो. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की युरोपातले साडेचार सेकंद अमेरिकेत चारच्या आसपास दिसू लागतात. एका गाडीचा आकडा तिकडचा आणि दुसरीचा इकडचा घेतला, तर तुलना सुरू होण्याआधीच अर्धा सेकंद इकडचा तिकडे झालेला असतो.

ताकदीच्या एककाचंही पाहून घ्या. पीएस म्हणजे ७३५.५ वॉट, बीएचपी, म्हणजे ब्रिटिश अश्वशक्ती, ७४५.७ वॉट. ३०० पीएस म्हणजे २९६ बीएचपी. आपल्याकडच्या जाहिरातींत दोन्ही सर्रास वापरतात, म्हणून एकाच एककात आणून मगच पुढे जा.

वजन, आणि त्यातली खाच

माझ्या मते स्पोर्ट्स कारच्या माहितीपत्रकातला सगळ्यात मोलाचा आकडा वजनाचा असतो, आणि लोक तोच सगळ्यात घाईने वाचतात.

पीडीके असलेल्या केमनचं वजन एका ओळीत १३६५ किलो दिसतं आणि खालच्याच ओळीत १४४० किलो. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं जर्मन डीआयएन पद्धतीचं, चालकाशिवायचं. दुसरं युरोपीय संघाच्या पद्धतीचं, त्यात ७५ किलोचा चालक धरलेला असतो. आल्पिनच्या प्रीमियर एडिशन या पहिल्या आवृत्तीचं वजन चालकाशिवाय ११०३ किलो आहे. एका गाडीचं चालकासह आणि दुसरीचं चालकाशिवाय वजन घेऊन मांडलेले तक्ते मी कितीदा पाहिले आहेत. ७५ किलोची ती चूक पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरते.

आपण दोघींत चालक बसवू. आल्पिन ११७८ किलो, केमन १४४०. फरक २६२ किलोंचा, म्हणजे तीन धडधाकट माणसांहून जास्त. आता टनामागे ताकद काढा. आल्पिनला टनामागे २१४ पीएस येतात, केमनला २०८. इंजिनमधला १९ टक्क्यांचा फायदा इथे पार पुसला गेला आणि पारडं किंचित आल्पिनकडे झुकलं.

हे वजन कसं वाचवलं ते बघताना मला खरोखर भरून येतं. आल्पिनचा सांगाडा आणि बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. एकेक आसन १३.१ किलोचं. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या ब्रेकच्या कॅलिपरमध्येच बसवली, त्यातून अडीच किलो वाचले. कुणीतरी टेबलाशी बसून अडीच किलोंसाठी भांडलं असणार, आणि तसं शेकडो वेळा भांडल्यावर २६२ किलो जमा झाले.

तुलना करताना मूळ गाडीचं वजन आणि समोर उभ्या गाडीचं वजन यांत गल्लत करू नका. मोठी चाकं, विजेवर हलणारी आसनं, बडी ध्वनियंत्रणा अशी जोडणी घेतलेली गाडी कागदावरच्या गाडीपेक्षा सहज पन्नासेक किलो जड असते. शक्य असेल तर वजनकाट्यावर घाला. टाकीही बघा. आल्पिनची टाकी ४५ लिटरची आहे, आणि पेट्रोलचा लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो. भरलेली आणि रिकामी टाकी यांत ३० किलोंहून जास्त फरक पडतो.

कागद-पेन्सिलीने पहिला अंदाज

आता एक छोटं गणित करा. अकरावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचं त्यात काही नाही, पण त्यातून बरंच कळतं.

शंभर किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गाडीची गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा अर्धा भाग गुणिले वेगाचा वर्ग. आल्पिनला शंभरपर्यंत नेताना ४५५ किलोज्यूल ऊर्जा लागते, केमनला ५५६. त्याला सेकंदांनी भागा. आल्पिन सरासरी १०१ किलोवॉट वापरते, म्हणजे १३७ पीएस. केमन ११८ किलोवॉट, म्हणजे १६१ पीएस.

या आकड्यांपाशी जरा थांबा. २५२ पैकी १३७ आणि ३०० पैकी १६१. दोन्ही गाड्या आपल्या कमाल ताकदीच्या ५४ टक्क्यांच्या आसपासच कामाला लावतात. बाकीची कुठे गेली? थोडी गिअरबॉक्स आणि आसांच्या घर्षणात, थोडी चाकं आणि फिरणारे भाग गरगरवण्यात, थोडी हवा कापण्यात. पण सगळ्यात मोठा वाटा वापरलाच गेला नाही, कारण सुरुवातीला टायर तेवढी ताकद जमिनीवर उतरवू शकत नाहीत.

कुठल्याही गाडीचं हे प्रमाण काढून पाहा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचं बरंच वर जाईल. पुढची चाकं ओढणाऱ्या, भरपूर ताकदीच्या गाडीचं खाली येईल. दोन गाड्यांचं प्रमाण सारखं निघालं, तर त्यांची सुटण्याची क्षमता एका पातळीवरची आहे आणि खरा फरक वजन व ताकद यांतच आहे असं समजा.

सत्तरपर्यंत टायर, पुढे इंजिन

मागच्या चाकांवर चालणारी गाडी किती जोराने सुटेल, हे मागच्या चाकांवर किती भार आहे त्यावर ठरतं. आल्पिनचा ५६ टक्के भार मागे आहे. गाडी सुटली की मागे दबते आणि हा वाटा आणखी वाढतो. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या थोडा खाली, असं धरलं तर तिला साधारण ०.६९ जी त्वरण जमिनीवर उतरवता येतं. त्यापुढे चाकं जागच्या जागी फिरतील. केमनची मांडणी तशीच, तिचं उत्तरही त्याच घरातलं.

या मर्यादेवर इंजिन कधी तोकडं पडू लागतं? चाकांपर्यंत ८७ टक्के ताकद पोचते असं मानलं तर दोन्ही गाड्यांसाठी उत्तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर येतं. तिथवरची शर्यत टायर, रस्ता आणि लाँच कंट्रोलची आहे, पुढची ताकद आणि वजनाची. म्हणून शून्य ते शंभरच्या आकड्यात इंजिनची परीक्षा जेमतेम शेवटचा तिसरा हिस्सा असते. ओल्या रस्त्यावर हा आकडा कोसळतो आणि इंजिन मात्र तेच असतं, त्याचंही कारण हेच.

ड्रॅग शर्यतीवाले हे फार पूर्वीपासून ओळखून आहेत. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या धावेचे ते दोन आकडे घेतात : लागलेला वेळ आणि रेषा ओलांडतानाचा वेग. वेळेवरून गाडी सुटली कशी ते कळतं, वेगावरून इंजिनात किती दम आहे ते. सुटताना चाकं घसरली तर वेळ बिघडतो, पण शेवटचा वेग फारसा बदलत नाही. त्यांचा जुना ठोकताळा मेट्रिकमध्ये आणला तर असा होतो : किलोमागच्या पीएसचं घनमूळ गुणिले २८८. आल्पिनचं उत्तर १७२ किलोमीटर येतं, केमनचं १७१. दोन गाड्यांची तुलना करताना मला एकच आकडा मागायची मुभा दिली, तर मी हा रेषेवरचा वेग मागेन. तो चालकाच्या चुका पोटात घालतो.

शंभरच्या पुढे चित्र पालटतं

हवेचा अडथळा वेगाच्या घनाने ताकद खातो. वेग दुप्पट झाला की खर्च आठपट. या आकाराच्या गाडीसाठी अडथळ्याचा गुणांक आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर धरला, तर शंभरला हवा साधारण १० पीएस खाते, दोनशेला ८४, अडीचशेला १६४.

दोन्ही गाड्या आकाराने जवळपास सारख्या, म्हणून हे बिल दोघींना सारखंच येतं. पण २५२ मधून ८४ देणं आणि ३०० मधून ८४ देणं यांत फरक आहे. घर्षण आणि हवेचा हिस्सा वजा करून उरलेली ताकद टनामागे काढा. शंभरला आल्पिनकडे १७७ पीएस उरतात, केमनकडे १७४. दोनशेला आल्पिनकडे ११५, केमनकडे १२३. मधे कुठेतरी रेषा एकमेकींना छेदतात. गणित करून पाहिलं तर ती जागा १४० ते १४५ किलोमीटरच्या दरम्यान येते. त्याखाली हलकी गाडी पुढे पळते, त्यावर बलवान गाडी.

माझ्या मते या जोडीचं सगळ्यात नेमकं वर्णन हेच आहे, आणि शून्य ते शंभरच्या आकड्यात त्याचा मागमूसही नसतो. फ्रान्सच्या महामार्गावर कमाल मर्यादा १३० आहे. तिथे राहणाऱ्याला आल्पिन कायम चपळ वाटेल. जर्मन ऑटोबानच्या मर्यादा नसलेल्या पट्ट्यावर १६० वरून २०० गाठायचे असतील तर केमन पुढे निघेल. कमाल वेगातही तेच दिसतं. आल्पिन २५० ला आवरलेली आहे, केमन २७५ पर्यंत जाते. म्हणून माहितीपत्रकात शंभर ते दोनशेचा वेळ दिला असेल तर तो आवर्जून घ्या. नसेल तर वरचं गणित करा, दहा मिनिटांचं काम आहे.

प्रत्यक्ष मोजताना

आता धावपट्टी. सार्वजनिक रस्त्यावर हे करायचं नाही, पहाटे चार वाजताही नाही. जर्मनीत आणि भारतात, दोन्हीकडे बंद जागा मिळतात. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग आहे.

आम्ही ही जोडी एका जुन्या हवाई तळावर ऑक्टोबरच्या सकाळी पळवली. केमन माझ्या सहकाऱ्याची, आल्पिन त्याच्या मित्राने ऱ्हाईनपलीकडून, श्ट्रासबुर्गहून आणलेली. काँक्रीटवर दव होतं आणि फरशांच्या सांध्यांवरून जाताना चाकांचा ठक-ठक आवाज येत होता. दव सुकेपर्यंत आम्ही दीड तास थांबलो. तो वेळ टायरमधली हवा तपासण्यात गेला. केमनच्या मागच्या डाव्या चाकात हवा उजव्यापेक्षा कमी निघाली. ती तशीच राहिली असती तर दिवसभराचे आकडे कुचकामी ठरले असते. हवा नेहमी टायर थंड असताना मोजा, आणि धावेनंतर पुन्हा मोजून वहीत लिहा.

त्याआधीच्या खेपेला मी मोबाइलवरच्या ॲपने मोजलं होतं. फोनमधला जीपीएस सहसा सेकंदाला एकदा जागा नोंदवतो. अशी गाडी एका सेकंदात सरासरी २२ किलोमीटर वेग कमावते. म्हणजे दोन नोंदींच्या मधे काय झालं ते ॲप अंदाजाने भरतं. त्या दिवसाची सगळी पानं मला बाजूला ठेवावी लागली. सेकंदाला दहा किंवा पंचवीस नोंदी घेणारं वेगळं जीपीएस यंत्र मिळतं, ते काचेला चिकटवा.

गाडीच्या वेगकाट्यावर तर विसंबूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, पण दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत जास्त दाखवू शकतो. खऱ्या शंभरला काटा ११४ दाखवत असला तरी तो नियमात बसतो.

धावांचा क्रम असा ठेवा : आधी आल्पिन, मग केमन, पुन्हा केमन, मग आल्पिन. सकाळ चढते तसा रस्ता तापतो आणि चिकट होतो. या क्रमाने त्याचा फायदा दोघींत वाटला जातो. प्रत्येक गाडी दोन्ही दिशांना पळवा. धावपट्टी डोळ्यांना सपाट दिसते, पण एक टक्का उतारही ४.५ सेकंदांत सात-आठ शतांशांचा फरक पाडतो. येताना-जाताना तो दुप्पट होतो, आणि वारा वेगळाच. दोन्ही दिशांची सरासरी घेतली की बराच हिशोब जुळतो. प्रत्येक दिशेला किमान तीन धावा करा आणि त्यांतला मधला आकडा घ्या. सर्वांत चांगला आकडा घ्यायचा मोह होतो, पण तो बहुधा वाऱ्याने दिलेला असतो.

दोन धावांमध्ये गाडीला श्वास घेऊ द्या. टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर लागोपाठच्या धावांत तापतो, गरम हवेत प्राणवायू कमी बसतो आणि तिसऱ्या-चौथ्या धावेला इंजिन आपणहून हात आखडता घेतं. पाच मिनिटं मध्यम वेगाने फिरवून आणा, नुसतं उभं करून ठेवू नका.

महाराष्ट्रात मोजणाऱ्यांनी हवेचा हिशोब जास्तच ठेवायला हवा. पंधरा अंशांच्या तुलनेत चाळीस अंशांवर हवा आठ टक्के विरळ असते. पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर समुद्रसपाटीपेक्षा आणखी पाच टक्के. टर्बो इंजिन यातलं बरंचसं भरून काढतं, साधं इंजिन काढू शकत नाही. टर्बोची एक आणि बिनटर्बोची एक अशी जोडी असेल, तर मे महिन्यातला निकाल जानेवारीत उलटू शकतो.

शेवटी, दोन गाड्यांतला फरक एक दशांश सेकंदाहून कमी निघाला तर त्या बरोबरीच्या समजा. घरच्या साधनांनी त्याहून बारीक फरक खात्रीने सांगता येत नाही.

थांबणं आणि वळणं

कामगिरी म्हणजे फक्त पळणं नाही. शंभरवरून थांबायला १ जी मंदन असेल तर ३९.३ मीटर लागतात, १.१ जी असेल तर ३५.८. साडेतीन मीटरांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण दुसरी गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे पहिली अजून ३० किलोमीटरच्या वेगात असते. कुणी विचारलं की ब्रेकचं अंतर कशाला पाहायचं, तर हे सांगा.

एकदा ब्रेक दाबून समाधान मानू नका. शंभरवरून पाच-सहा वेळा लागोपाठ थांबवा आणि पेडल मऊ होतं का, अंतर वाढतं का ते नोंदवा. इथे हलक्या गाडीला मोठा फायदा असतो. आल्पिनच्या ब्रेकना दर वेळी ४५५ किलोज्यूल उष्णता गिळावी लागते, केमनच्या ब्रेकना ५५६. केमनचे टायर मात्र रुंद आहेत, पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटर. आल्पिनचे २०५ आणि २३५. म्हणून दोघींचे टायर कुठल्या जातीचे आणि किती झिजलेले आहेत हे लिहिल्याशिवाय ब्रेक आणि वळणांच्या आकड्यांना अर्थ नाही. टायर बदलून जेवढा फरक पडतो तेवढा कित्येकदा गाडी बदलूनही पडत नाही.

वळणाचं मोजमाप सोपं आहे. चाळीस मीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने आखा, गाडी स्थिर वेगात फिरवा आणि बाहेर सरकू लागेपर्यंत वेग वाढवत न्या. १ जी पकड असेल तर वेग ७१ किलोमीटर येईल, ०.९५ असेल तर ६९.५. वर्तुळ दोन्ही दिशांनी फिरा. गाडी कशी सरकली तेही लिहा, पुढून की मागून. वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक फिरू लागलं तर काय होतं तेही पाहा. आल्पिन त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. केमनला जोड म्हणून यांत्रिक डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकमेकांना बांधून ठेवणारी यंत्रणा) घेता येत असे. दुसऱ्या गिअरमधल्या चढणीच्या वळणावर हा फरक आसनात बसल्या बसल्या जाणवतो, आकड्यांत सहसा सापडत नाही.

लॅप टाइम वाचताना

जर्मनीतल्या नुरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवरचे लॅप टाइम, म्हणजे एका फेरीच्या वेळा, लोक तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यातही एक गोम आहे. २०२१ मध्ये शर्यतपटू योर्ग बेर्गमायस्टर यांनी ७१८ केमनची जीटी४ आरएस ही शर्यतीकडे झुकलेली आवृत्ती तिथे पळवली. तिची वेळ ७ मिनिटं ४.५११ सेकंद सांगितली जाते आणि ७ मिनिटं ९.३०० सेकंदही. चालक तोच, गाडी तीच. पहिली वेळ २०.६ किलोमीटरच्या जुन्या मोजणीची आहे, दुसरी २०.८३२ किलोमीटरच्या पूर्ण फेरीची. जवळजवळ पाच सेकंदांचा फरक निव्वळ अंतरामुळे. दोन गाड्यांच्या वेळा शेजारी मांडताना अंतर, टायर आणि चालक ही तिन्ही नावं लिहा. त्यातलं एकही वेगळं असेल तर तो लॅप टाइम तुलनेत घेऊ नका.

रस्त्यावरचा रोजचा वेग

उभ्या गाडीवरून शंभर गाठायची वेळ रोजच्या जीवनात क्वचितच येते. ट्रक ओलांडायची वेळ रोज येते. म्हणून धावपट्टीवरच ८० ते १२० चा वेळ दोन प्रकारे घ्या. एकदा गिअरबॉक्सला हवा तो गिअर निवडू द्या. दुसऱ्यांदा हाताने चौथा गिअर धरून ठेवा आणि पेडल तळाला न्या. पहिल्या आकड्यात ताकद दिसते, दुसऱ्यात टॉर्क आणि टर्बोची तत्परता. केमनचा ३८० चा टॉर्क १९५० ते ४५०० फेऱ्यांत मिळतो, आल्पिनचा ३२० चा २००० ते ५००० मध्ये. टनामागे काढले तर दोघी पुन्हा जवळ येतात, पण आल्पिनचा पट्टा वर लांबलेला आहे. गिअर न बदलता जास्त वेळ ओढत राहण्याची जी भावना येते ती तिथली.

आणि एक धाव शेजारी माणूस बसवून करा. आम्ही ती दुपारी केली, श्ट्रासबुर्गच्या त्या पाहुण्याला आळीपाळीने दोन्ही गाड्यांत बसवून. ७५ किलो वाढले की आल्पिनचं वजन ६.४ टक्क्यांनी वाढतं, केमनचं ५.२ टक्क्यांनी. टनामागची ताकद २०१ आणि १९८ वर येते, आणि रेषा छेदण्याची जागा १४० वरून १२०-१२५ पर्यंत खाली सरकते. जी गाडी एकट्याने चालवताना महामार्गाच्या वेगापर्यंत पुढे होती, ती सोबतीला माणूस आला की मर्यादा गाठायच्या आतच बरोबरीत येते. गाडी बहुतेक वेळा दोघांनी वापरायची असेल तर वहीत या धावेचा आकडा वरच्या ओळीत लिहा, आणि एकट्याचा त्याच्या खाली.